नाकाचं देवघेव-रजिस्टर

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी ४४ वर्षांची. सातारा जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभागात काम करते. नऊ-दहा वर्षं मला अ‍ॅलर्जीची सर्दी आहे. सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका, मग दिवसभर नाक गळतं नाहीतर चोंदतं, टाळू खाजते. थंडीत रात्रीचा खोकलाही येतो. माँटेल्युकास्ट आणि लेव्होसेटिरिझीनची एकत्र गोळी रोज रात्री घेते. नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे आहे, तो लागेल तेव्हा घेते. अगदीच झोप लागेना तर मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करायचे थेंब घालते. रक्तातलं आयजीई आधी ९१२ होतं, मग ६४० झालं, आता ७०५ आलंय. डॉक्टर दर तीन महिन्यांनी विचारतात, ‘कसं आहे?’ मी म्हणते, ‘बरं आहे.’ ते त्याच गोळ्या पुन्हा लिहून देतात. घरी यजमान म्हणतात, ‘बरं कुठलं, रात्रभर तोंड उघडं टाकून घोरतेस.’ मोबाइलवर दोन प्रश्नावल्या सापडल्या. एकीत मला १२ पैकी ८ गुण पडले, दुसरीत ३० पैकी १७. यात पास झाले की नापास तेच कळेना. आयजीई वाढलं म्हणजे आजार वाढला का? औषध लागू पडतंय की नाही हे मोजायचं कसं? आणि मार्चमध्ये आमच्याकडे पुस्तकांची मोजणी असते, तेव्हा फार हाल होतात. त्या आठवड्यात रजा टाकू का?

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत, पण मला सगळ्यात जास्त माहिती मिळाली ती यजमानांच्या एका वाक्यातून. रात्रभर तोंड उघडं, म्हणजे नाक बंद. आयजीईच्या तीन रिपोर्टांनी मिळूनही एवढं सांगितलेलं नाही.

आधी त्या ‘बरं आहे’चं बघू. आपल्याकडे ‘कसं काय?’ला ‘बरं आहे’ म्हणणं हे उत्तर नसतं, रीत असते. घरात आजारपण असो, पीक पाण्यात गेलेलं असो, कुणी विचारलं की आपण ‘बरं आहे’ म्हणतो आणि चहाचं आधण ठेवतो. दवाखान्यातही तीच जीभ तेच बोलून जाते. मी स्वतः तीस वर्षं कान-नाक-घशाचा दवाखाना चालवला आणि हा प्रश्न हजारो वेळा असाच विचारला, हे कबूल करते. बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली असतात, समोरच्यानं ‘बरं आहे’ म्हटलं की डॉक्टरलाही हायसं वाटतं. ‘गेल्या सात रात्रींपैकी किती रात्री नाकामुळे झोप मोडली?’ असं विचारलं असतं, तर तुम्हाला ‘बरं आहे’ म्हणून उठताच आलं नसतं. तेव्हा दोष तुमच्या उत्तरापेक्षा आमच्या प्रश्नाचा जास्त.

दुसरंही एक आहे. शिंका मोजता येतात, त्या चारचौघांत ऐकू जातात. चोंदलेलं नाक मात्र अंगवळणी पडतं. नऊ वर्षं अर्ध्या नाकानं श्वास घेतल्यावर पूर्ण श्वास कसा असतो याचाच विसर पडतो. मलाही हाच आजार आहे. लहानपणी माझी आई माझे दिवस रुमालांवर मोजायची. ‘आज सात रुमालांचा दिवस’ म्हटलं की घरात सगळ्यांना कळायचं. पुढे डॉक्टर झाल्यावर लक्षात आलं, की तिची पद्धत मुळात बरोबर होती. फक्त तिच्या मोजणीत चोंदण्याला जागा नव्हती. चोंदलेलं नाक रुमाल मागत नाही, झोप मागतं.

आता आयजीई. धुळीतले माइट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, परागकण, बुरशी, झुरळाचा अंश अशा निरुपद्रवी वस्तूंना शरीर शत्रू समजून बसतं आणि त्यांच्याविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार करतं ती ही आयजीई. नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर ती दबा धरून बसलेली असतात. ओळखीची धूळ आली की त्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि काही मिनिटांत शिंका, पाणी, खाज सुरू होते. चारेक तासांनंतर दुसरी लाट येते, तिच्यात सूज आणि चोंदणं जास्त. म्हणून दुपारी तुम्ही जुन्या मासिकांचे गठ्ठे हलवता आणि रात्री नऊला नाक बंद होतं, तेव्हा दोन्हींचा संबंध कुणाला सुचतही नाही.

रिपोर्टातला तुमचा आकडा म्हणजे रक्तातल्या सगळ्या आयजीईची बेरीज. पोटात जंत असले तरी ती वाढते, एक्झिमा असला तरी वाढते, आणि काहींना हैराण करणारी अ‍ॅलर्जीची सर्दी असूनही ती नॉर्मल येते. शिवाय तुमची गोळी किंवा स्प्रे हे ती बेरीज उतरवायला दिलेलेच नाहीत. गोळी हिस्टामिनची वाट अडवते, स्प्रे अस्तराची सूज उतरवतो. तुमच्याच भाषेत सांगायचं तर आयजीई हे दाखल-रजिस्टर. वाचनालयात एकूण पुस्तकं किती, हे त्यावरून कळेल. आज काउंटरवर किती गर्दी झाली, किती जण चिडून परत गेले, हे त्यात कुठून सापडणार? त्यासाठी देवघेवीचं रजिस्टर उघडावं लागतं. तेव्हा ६४० चे ७०५ झाले म्हणून आजार वाढला असं नाही, आणि ९१२ चे ६४० झाले तेव्हा तो बराही झाला नव्हता. निव्वळ औषध लागू पडलं का हे बघायला पुन्हा पुन्हा ही तपासणी करू नका. त्या पैशात दोन स्प्रे येतील.

प्रश्नावल्यांचं कोडं सोपं आहे. तुम्हाला सापडलेल्या दोन्ही मोजपट्ट्या खऱ्या आहेत, पण त्या एकमेकींच्या उलट चालतात. १२ गुणांची आहे तिच्यात नाकाची चार लक्षणं असतात: शिंका, गळणं, चोंदणं, खाज. प्रत्येकाला शून्य ते तीन. इथे गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. ३० गुणांची बहुधा सहा प्रश्नांची ‘आरकॅट’ असावी. तिच्यात गेल्या आठवड्याबद्दल विचारतात: नाक किती वेळा चोंदलं, शिंका किती, डोळ्यांतून पाणी किती, झोपेत किती व्यत्यय आला, नाकामुळे काही करायचं किंवा कुठे जायचं टाळलंत का, आणि एकूण आजार कितपत आटोक्यात वाटतो. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण, म्हणून कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ३०. इथे गुण जास्त म्हणजे तब्येत चांगली. २१ किंवा त्याखाली आलं तर आजार आटोक्यात नाही असं धरतात. ३० गुणांचीच दुसरी एक आहे, पोर्तुगालमध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची ‘कॅरॅट’. तिच्यात २४ च्या वर हवेत. दोन्हींपैकी कोणतीही असली तरी १७ म्हणजे नापास, आणि १२ पैकी ८ म्हणजेही नापासच. दोन्ही पट्ट्या एकच गोष्ट सांगत होत्या, तुम्ही मात्र एक उलटी धरून वाचत होतात.

इथे एक फरक समजून घ्या, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सौम्य’, ‘मध्यम ते तीव्र’ असे शब्द येतात. आजार किती जोरात आहे हे वेगळं आणि तो कितपत आटोक्यात आहे हे वेगळं. पाऊस किती पडतोय ही एक मोजणी, छप्पर किती गळतंय ही दुसरी. जोराचा आजार नीट औषधांनी पूर्ण आटोक्यात असू शकतो, आणि साधासा आजार औषध चुकीचं घेतल्यानं गळत राहतो. जोर ठरवायला जगभर ‘आरिया’ या मार्गदर्शिकेची विभागणी वापरतात. २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. झोप मोडते का, रोजचे व्यवहार किंवा खेळ अडतात का, नोकरीत किंवा शाळेत अडचण होते का, लक्षणं जाच वाटण्याइतकी आहेत का? यांतल्या एकालाही ‘हो’ आलं की आजार मध्यम ते तीव्र गटात. आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांहून जास्त काळ टिकला तर तो चिकट, नाहीतर अधूनमधूनचा. तुमचं उत्तर तुम्हीच देऊ शकता. पण हे एकदा ठरवायचं असतं. दर आठवड्याला बघायचं ते छप्पर.

त्यासाठी एक वही करा. वाचनालयात मिळते तसली उभ्या रेघांची असली तर उत्तमच. रोज एक ओळ. तारखेनंतर चार रकाने: शिंका, गळणं, चोंदणं, खाज. लक्षण नसेल तर शून्य. आहे पण त्याकडे लक्ष जात नाही, तर एक. त्रास देतं पण सोसवतं, तर दोन. काम किंवा झोप मोडण्याइतकं असेल तर तीन. गेल्या चोवीस तासांचा विचार करून द्या, त्या क्षणाचा नको. तुमचं नाक सकाळी वाईट असतं. सकाळी सातला लिहिलंत तर रोज भूकंप दिसेल, दुपारी लिहिलंत तर रोज आलबेल. म्हणून वेळ एकच ठेवा. काउंटर बंद करून कुलूप लावायच्या आधीची ठेवलीत तर विसरायला होणार नाही. आणि रविवारी बसून सगळा आठवडा आठवून भरू नका. आठवणीत फक्त सगळ्यात वाईट दिवस आणि कालचा दिवस एवढंच उरतं, मधले पाच दिवस आपण रचून लिहितो.

पुढचा रकाना झोपेचा. हा यजमानांना विचारून भरा. घोरणं आणि उघडं तोंड तुम्हाला दिसणार नाही, या खटल्यातले साक्षीदार तेच. ‘नीट’, ‘मोडली’ एवढे दोन शब्द पुरेत.

मग एक रेघ. पट्टी घेऊन बरोबर दहा सेंटीमीटरची आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला ‘काहीच त्रास नाही’, उजव्या टोकाला ‘याहून जास्त त्रास असूच शकत नाही’. आज तुम्ही कुठे आहात तिथे फुली मारा आणि डावीकडून मोजा. कालची फुली बघू नका, नाहीतर हात आपोआप तिथेच जातो. बाळबोध वाटतं ना? मलाही वाटायचं. पण औषध वाढवायचं की कमी करायचं हे ठरवताना अ‍ॅलर्जीचे तज्ज्ञ याच रेघेचा आधार घेतात. पाच किंवा त्यापुढे फुली म्हणजे आजार आटोक्यात नाही, दोनच्या आत म्हणजे चांगला आटोक्यात, मधलं ते अर्धवट. फुली अर्धा सेंटीमीटर इकडे-तिकडे झाली तर ती हाताची थरथर समजा. दोन-सव्वादोन सेंटीमीटर सरकली तर मात्र खरोखर काहीतरी बदललंय. आरकॅटमध्ये तीन गुणांच्या फरकाला तेवढंच वजन आहे.

शेवटचा रकाना औषधाचा, आणि बहुतेक जण नेमका हाच गाळतात. एका बाईंचा त्रास तीन आहे आणि त्या काहीही घेत नाहीत. दुसरीचाही तीनच, पण गोळी, स्प्रे आणि थेंब असं सगळं घेऊन. या दोन तिनांची बरोबरी कशी होईल? म्हणून त्या दिवशी काय काय घेतलं ते आकड्यांशेजारीच लिहायचं. युरोपात हजारो रुग्णांनी मोबाइलवर अशी रोजनिशी ठेवली, तेव्हा एक मजेशीर गोष्ट दिसली. ज्या दिवशी औषधं जास्त, त्याच दिवशी त्रासही जास्त. औषधानं त्रास वाढत होता असं नाही. त्रास वाढला की माणसं एकावर एक औषधं घेत होती आणि जरा बरं वाटलं की सोडून देत होती. ‘लागेल तेव्हा’ म्हणतात ते हेच. डॉक्टर नेमून देतात एक, आणि घरात चालतं दुसरं.

तुमच्या स्प्रेचं घोडं इथेच अडलंय. स्टिरॉइडचा स्प्रे डोकेदुखीच्या गोळीसारखा नाही. त्याचा गुण अर्ध्या-एक दिवसानं दिसू लागतो आणि पुरता यायला दोन आठवडे लागू शकतात. ‘लागेल तेव्हा’ मारलेला स्प्रे म्हणजे पाहुणे दारात आल्यावर डाळ भिजत घालणं. तुमच्या वहीत पहिला आठवडा आत्ता जसं चाललंय तसंच चालू ठेवा, म्हणजे आधीचं चित्र हातात राहील. त्यानंतर डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि ते हो म्हणाले तर सलग चार आठवडे रोज, न चुकता.

मारायची पद्धतही बघून घ्या. दवाखान्यात मी स्प्रे मारून दाखवायला सांगायचे तेव्हा दहातले आठ जण मान मागे टाकायचे आणि नळी सरळ वर, मधल्या पडद्याकडे धरायचे. मग औषध घशात उतरतं आणि पडदा सुकून रक्ताचा थेंब दिसतो. मान जराशी खाली झुकवा. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा, म्हणजे नळी आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळते. मारताना हलका श्वास घ्या. जोरात ओढलंत तर सगळं घशात. नवी बाटली किंवा बरेच दिवस पडून राहिलेली बाटली आधी हलवून, बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबून घ्या. या चुका सुधारल्याशिवाय ‘स्प्रे लागू पडत नाही’ असं वहीत लिहू नका.

थेंबांबद्दल जरा कडक बोलणार आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, पाच मिनिटांत नाक उघडतं आणि माणूस धन्य होतो. पण तीन ते पाच दिवसांच्या पुढे गेलं की थेंबांचा अंमल उतरताच नाक आधीपेक्षा जास्त फुगतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा फुगणं. मोजणीच्या दृष्टीनं आणखी एक लबाडी होते. थेंब घातलेल्या रात्री चोंदण्याला शून्य पडतो आणि आठवड्याची सरासरी गोजिरी दिसते. म्हणून थेंबांच्या रात्रीभोवती लाल गोल काढा. महिन्यात असे किती गोल दिसतात, तेवढं एकच डॉक्टरांना दाखवलंत तरी तपासणीची दिशा बदलेल. रोजची सवय लागली असेल तर ती सोडवायची रीत डॉक्टरांकडूनच घ्या.

एक मात्र करू नका: ‘खरा आकडा बघू या’ म्हणून रात्रीची गोळी अचानक बंद. वर्षानुवर्षं सेटिरिझीन किंवा लेव्होसेटिरिझीन रोज घेणाऱ्यांपैकी मोजक्या काही जणांना ती थांबवल्यावर अंगभर जबर खाज सुटते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मे २०२५ मध्ये तशी सूचना काढली. त्या खाजेला आजार उलटला समजून माणूस घाबरतो. गोळीतल्या दुसऱ्या भागाबद्दल, माँटेल्युकास्टबद्दल, त्याच यंत्रणेनं मार्च २०२० मध्ये ठळक इशारा दिला होता: वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित टोकाचे विचार. नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी इतर औषधं पुरी पडत नसतील किंवा सोसत नसतील तरच ते द्यावं, असंही म्हटलं होतं. आपल्याकडे ही जोडगोळी शेंगदाण्यासारखी वाटली जाते, याचा मला राग आहे. तुम्हाला काही होतंय असं मी म्हणत नाही. पण झोपेच्या रकान्यात स्वप्नं आणि मन:स्थिती यांचीही नोंद ठेवा, आणि ‘माँटेल्युकास्ट मला अजून लागतंय का?’ हा प्रश्न पुढच्या भेटीत स्पष्ट विचारा. मन फार खचल्यासारखं वाटलं तर भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

वही लिहिताना तुमच्या लक्षात येईल की कधी डावी नाकपुडी बंद, कधी उजवी. त्यानं बिचकू नका. निरोगी माणसाच्याही दोन नाकपुड्या काही तासांच्या पाळीनं आळीपाळीनं फुगतात-उतरतात. कायसर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९५ मध्ये हे नोंदवलं. आपल्याकडे चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणतात ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. गंमत म्हणून स्टीलची थंड ताटली नाकाखाली आडवी धरून तोंड मिटून श्वास सोडा. वाफेचे दोन डाग उमटतील, एक मोठा आणि एक छोटा. दोन-तीन तासांनी पुन्हा बघा, अदलाबदल झालेली असू शकते. मात्र दिवसभरात केव्हाही धरा, एका बाजूचा डाग उमटतच नाही असं असेल तर ते पाळीचं काम नाही. एकच बाजू कायम बंद, एकाच बाजूनं रक्तमिश्रित स्राव, वास येणं थांबणं, चेहरा दुखणं यांपैकी काही असेल तर वही मिटा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला नाक आतून बघू द्या. वाढलेला मांसल भाग किंवा वाकडा पडदा गुणांच्या बेरजेत पकडला जात नाही.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलेला तो थंडीतला रात्रीचा खोकला. मला तो आवडला नाही. नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोकं आहेत. अ‍ॅलर्जीची सर्दी असलेल्या बऱ्याच जणांना दमाही असतो, आणि ‘कफाची प्रकृती’ म्हणून तो वर्षानुवर्षं झाकलेला राहतो. मघाची कॅरॅट प्रश्नावली यासाठीच बनवली आहे: दहापैकी चार प्रश्न नाकाचे, उरलेले धाप, शिट्टीसारखा आवाज, छाती आवळणं, रात्री जाग येणं अशांचे, आणि तेही गेल्या चार आठवड्यांबद्दल. आरकॅट छातीबद्दल विचारतच नाही. तेव्हा तुमच्यासाठी दोन्हींतली कॅरॅट जास्त कामाची. महिन्यातून एकदा ती सोडवा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पायरोमेट्री म्हणजे फुंकर मारायची तपासणी करावी का ते विचारा. वाढीव धाप लागली, बोलताना वाक्य तुटू लागलं, तर मोजत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

हे सगळं जन्मभर रोज लिहायचं नाहीये. एकदा पाच आठवडे: पहिला जसा आहे तसा, पुढचे चार रोजच्या स्प्रेचे. नंतर फक्त डॉक्टरांच्या भेटीआधीचा एक आठवडा. वर्षभर रोज नाकाकडे बघत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना साधी शिंक आली तरी धसका बसतो. भेटीला जाताना अख्खी वही पुढे करू नका, कुणी वाचणार नाही. एका चिठ्ठीवर चार ओळी लिहा: पहिल्या आठवड्याची आणि शेवटच्या आठवड्याची सरासरी, रेघेवरचे सेंटीमीटर, झोप मोडलेल्या रात्री, लाल गोल. ‘कसं आहे?’ असा प्रश्न आला की ‘बरं आहे’ ओठांवर येण्याआधी ती चिठ्ठी टेबलावर ठेवा. चार आठवडे स्प्रे नीट मारूनही फुली पाचच्या पुढेच असेल, तर तोच स्प्रे पुन्हा लिहून देणं हे उत्तर नाही. अ‍ॅझेलॅस्टिन हे हिस्टामिनला अडवणारं औषध मिसळलेला स्प्रे, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते दाखवणारी त्वचेची चाचणी, आणि मग साधारण तीन वर्षांची इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्याचेच छोटे डोस देऊन शरीराला सवय लावणं, अशा पुढच्या पायऱ्या आहेत. त्यांबद्दल विचारायला संकोचू नका.

राहिली रजा. मला विचाराल तर टाकू नका. पुस्तकांची मोजणी ही तुमच्यासाठी वर्षातली सगळ्यात चांगली परीक्षा आहे, कारण धूळ किती आणि कधी येणार हे आधीच माहीत असतं. मोजणीच्या किमान दोन आठवडे आधी स्प्रे रोज सुरू झालेला असू द्या. कपाटं कोरड्या फडक्यानं झटकू नका, ओल्या फडक्यानं पुसायला सांगा. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा, ओढणी बांधून काही होत नाही. शक्य असेल तर जुन्या मासिकांची कपाटं सहकाऱ्यांना द्या आणि तुम्ही रजिस्टर सांभाळा. घरी आल्यावर आधी आंघोळ आणि केस धुणं, मग स्वयंपाकघर. आणि त्या आठवड्याच्या ओळींसमोर ‘मोजणी’ असं लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवसांत आकडे चढले तरी डॉक्टर औषध कुचकामी ठरवणार नाहीत. गेल्या मार्चमध्ये कितव्या दिवशी तुम्ही टेकीला आला होतात ते आठवत असेल, तर तेही पहिल्या पानावर टिपून ठेवा. या वर्षीची तुलना त्याच्याशीच करायची आहे.